व्याह्यांच्या आडनावातला मोर

मुलीच्या लग्नाच्या वेळी मी दोन-अडीच महिने अमेरिकेत, ट्रॉयला तिच्याकडे होते. मुलगा तिथलाच, गोरा. तेव्हाची एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. बोलायला मी पहिल्यापासून कमी, लिहायला त्याहून कमी. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी कुणाचं नाव इथे घालत नाही. ज्या आडनावावरून सगळं झालं तेही लिहीत नाही. त्याचा अर्थ तेवढा सांगावा लागेल.

आमच्यात लग्नाआधी देवक बसवतात. प्रत्येक कुळाचं देवक वेगळं. कुणाचं कळंबाची फांदी, कुणाचं वेळू, कुणाचं हळद. माझ्या सासरचं देवक मोराचं पीस. सुपात तांदूळ पसरून त्यावर ते ठेवायचं, पूजा करायची आणि मग पुढचं लग्न. पीस गावाहून यायचं होतं, पण माझ्या थोरल्या दिरांनी फोनवर मुलीला सांगितलं की मोराची पिसं परदेशी नेऊ देत नाहीत, तिकडंच बघा.

मी मुलीला म्हटलं, "आता इथं मोर कुठं शोधायचा?"

ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "टेन्शन नको घेऊ आई. त्याच्या डॅडकडे बरणीभर आहेत."

"त्यांच्याकडे कशी?"

"अगं, त्यांच्या सरनेमचं मीनिंगच ते आहे. मोर. सो ते कलेक्ट करतात. क्यूट ना?"

मी कणीक मळत होते. हात तसेच परातीत राहिले. ती मीटिंगमध्ये गेली आणि मी कितीतरी वेळ तोच गोळा मळत बसले.

ज्यांचं देवक एक, ते एकमेकांचे भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलाकडचं आडनाव निराळं, गाव लांबचं. मुलगा तिला आवडला होता. तेव्हा असं कुणी बोलत नसे, पण ती मला न्हाणीत पाणी भरताना सांगायची. हळद लागली. देवकाच्या वेळी मुलाच्या आत्यानं आपल्या ट्रंकेतून कापडात गुंडाळलेलं देवक काढलं, आणि ते मोराचं पीस निघालं. आमच्या सुपातही तेच. माझे थोरले दीर तेव्हा तरणे होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा." एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत मांडव उतरला. नणंदेनं स्वतःच्या हातानं कपडे धुण्याच्या साबणानं हळद घासून काढली. तिनं नंतर लग्न केलं नाही. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहते, कोंबड्या पाळते. त्या दिवसापासून तिनं थोरल्या भावाच्या ताटात कधी वाढलं नाही. तो पंगतीला बसला की ती वाढपातून उठून जाते. एवढ्या वर्षांत याबद्दल दोघं एकमेकांना एक शब्द बोललेले नाहीत.

तेच दीर आता कन्यादानाला येणार होते. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. मुलीला सायकल शिकवली ती काकांनी, अमेरिकेला जाताना मुंबईला सोडायला आले ते काका. गोऱ्या मुलाशी लग्न करते म्हटल्यावर सगळी भावकी गप्प झाली, तेव्हा "पोरगी शहाणी आहे, तिनं बघून केलंय" असं एकटे बोलले ते काकाच. मुलगी म्हणायची, "काका आले नाहीत तर मी लग्नच करणार नाही." थट्टेत म्हणायची, पण मला ठाऊक होतं, ते मांडवातून उठून गेले तर ती आयुष्यभर त्या रिकाम्या पाटाकडे बघेल. आणि मला हेही ठाऊक होतं की देवक एक निघालं तर ते उठतील. सख्ख्या बहिणीसाठी ते थांबले नव्हते.

मुलीला सांगावं तर ती आधी हसली असती, मग चिडली असती. मला स्वतःलाही हे सगळं खोटं आहे असं म्हणता येत नव्हतं. खरं आहे असंही म्हणवत नव्हतं.

रविवारी व्याह्यांनी जेवायला बोलावलं. ते मोटारींच्या भागांचे साचे करायच्या कारखान्यात होते, आता रिटायर झालेले. बायको वारलेली. उंच, थोडे वाकलेले, आणि बोलायची फार हौस. माझ्याशी बोलताना आवाज मोठा करायचे, म्हणजे मला इंग्रजी कळेल. मुलगी म्हणायची, "आईला ऐकू येतं हं, डॅड." ते सॉरी म्हणायचे आणि पुन्हा तितक्याच मोठ्यानं बोलायचे.

भिंतीवर इंग्लंडमधल्या एका चर्चचा फोटो होता. तिथल्या गवतात झुकलेल्या थडग्यांवर त्यांचं आडनाव होतं. ते मुद्दाम तिथे जाऊन आले होते. आडनाव इतकं विरळ की घरच्यांखेरीज त्या आडनावाचा माणूस त्यांना अख्ख्या मिशिगनमध्ये भेटला नव्हता. मुलगी मला मराठीत सांगत होती. जुन्या इंग्रजीत मोराला जो शब्द होता, त्यावरून ते आडनाव निघालं. कुणी म्हणतं, छाती काढून चालणाऱ्याला गावानं चिडवून ठेवलेलं नाव. कुणी म्हणतं, बड्या जमीनदाराचे मोर सांभाळणाऱ्याचं.

"डॅड म्हणतात, आम्ही सांभाळणारेच असणार. छाती काढायला आमच्याकडे होतं काय?"

सगळे हसले. मीही ओठ ताणले. सांभाळणारे हा शब्द मी मनात धरून बसले. देवक सांभाळायचंच तर असतं.

मग त्यांनी काचेच्या बरणीतून एक पीस निवडलं, पातळ कागदात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी मला दिलं. देव्हाऱ्यातली वस्तू द्यावी तसं. मी पदर पुढे करून घेतलं. परत येताना गाडीत ते मांडीवर होतं आणि मला त्याचं वजन लागत होतं.

लग्नाच्या आठवड्यात दीर आले. जाऊबाईंचे गुडघे विमानप्रवासाला तयार नव्हते, म्हणून एकटेच. डोक्यावर टोपी, हातात पिशवी, आणि डेट्रॉईटच्या विमानतळावरून घरी येईपर्यंत रस्त्यात एकही माणूस चालताना का दिसत नाही, हा प्रश्न. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. गावाकडे ते भिंतीकडे बघून बोलायचे. इथे फ्रिजकडे बघून बोलू लागले.

"चहा झाला असला तर बरं होईल," असं फ्रिजला सांगायचे. मी चहा ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला समोर बसवलं. "पोरी, त्यांचं कूळ काय?"

"काका, त्यांच्यात तसलं काही नसतं."

"माणूस आहे म्हणजे कूळ आहे. उद्या देवकाला मुलाचा बाप येणार ना? मी त्यालाच विचारतो."

"विचारा की! त्यांना फार आवडतं फॅमिलीबद्दल बोलायला."

माझ्या हातातलं भांडं निसटून सिंकमध्ये पडलं. मुलगी म्हणाली, "आई, सावकाश." आणि जिना चढून कामाला गेली.

मग दिरांनी पीस मागितलं, म्हणजे फ्रिजकडे मागितलं. मी कागद सोडून टेबलावर ठेवलं आणि बाजूला झाले. त्यांनी ते उजेडाकडे धरलं.

"डोळा भरलेला आहे. गावाकडं असं मिळायचं नाही. कुठून आणलं म्हणावं?"

मी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण पीस टेबलावर ठेवताना ते माझ्या पाठीकडे बघत होते, हे मला न बघता कळलं.

त्या दिवशी माझ्या हातून आमटीत मीठच पडलं नाही. मनात सारखा गावचा भुईमूग येत होता. आमच्या शेतात मोर उतरतात. शेंगा उकरून खातात, वाफेच्या वाफे नासवतात. शेजारचे दगड मारतात, फास लावतात. आमच्या घरानं कधी खडा उचलला नाही. नणंद बांधावर उभी राहून टाळ्या वाजवायची आणि म्हणायची, "जा बाबांनो, जेवलात ना पोटभर? आता दुसऱ्याकडं जा." आपलं देवक आपण मारत नाही. त्याच्यावर पाय देत नाही. खायचं तर स्वप्नातही येत नाही.

खायचं. तिथे मी थांबले. सांभाळणारे म्हणजे कशासाठी सांभाळणारे? नणंदही कोंबड्या सांभाळते. काही पूजेसाठी नाही सांभाळत.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवक. दीर आंघोळ करून, टोपी घालून कॉलनीत फेरी मारायला गेले होते. मुलगी वर मैत्रिणींबरोबर तयार होत होती. व्याही ठरल्या वेळेच्या आधीच आले. त्यांच्या ट्रकमध्ये घडीच्या खुर्च्या होत्या. ते एकटेच त्या गॅरेजमध्ये लावत होते. मी सूप, तांदूळ, पीस घेऊन तिथे गेले. आम्ही दोघंच. मी रात्रीपासून चार शब्द जुळवून ठेवले होते. दीर कधीही कोपऱ्यावर दिसले असते.

मी पिसाकडे बोट दाखवलं. "धिस बर्ड. युवर ओल्ड पीपल. ईट?"

त्यांना वाटलं मोर काय खातो ते मी विचारतेय. ते दाणे टिपायची खूण करून दाखवू लागले.

"नो, नो." मी हात तोंडाशी नेला. "पीपल. ईट. धिस."

त्यांचे डोळे मोठे झाले आणि मग ते खुशीत आले. "ओ येस! येस!" त्यांनी मानेवरून हात फिरवला. मग कातडी सोलल्यासारखं केलं, विस्तवावर फिरवल्यासारखं केलं, आणि दोन्ही हातांचा पिसारा करून पुन्हा वर लावला. लॉर्ड म्हणाले, बिग पार्टी म्हणाले. मला कळलं ते एवढं, की मोठ्या लोकांच्या पंगतीला मोर भाजून वाढायचे, वर त्याचाच पिसारा चढवायचे, आणि मारायला तो ज्यांनी वाढवला तेच असायचे. म्हणजे यांचे वाडवडील.

मी पीस पदरानं झाकलं. आणि त्याच क्षणी छातीवरचा दगड हलला. मी त्यांना हात जोडले. का जोडले ते त्यांना कळलं नाही, त्यांनीही जोडले.

थोड्या वेळात सगळे जमले. जावई झब्बा घालून आला होता, बाह्या त्याला आखूड झाल्या होत्या. दीर पाटावर बसले, मुलीला शेजारी घेतलं. सुपात तांदूळ पसरले, पीस ठेवलं, हळद वाहिली. मी मनात म्हणत होते, आता काही विचारू नका, असंच उरकून जाऊ दे. दिरांनी मूठभर तांदूळ उचलले आणि मुलीला म्हणाले, "व्याह्यांना विचार, त्यांचं देवक काय. नसेल तर नाही म्हणा."

मुलीनं इंग्रजीत काय विचारलं कोण जाणे, पण व्याही एकदम पुढे झाले. पिसाकडे बोट, मग स्वतःच्या छातीवर बोट. "माय नेम!" असं म्हणून ते हसले, आणि आडनाव मोठ्यानं म्हणाले.

"काका, गंमत माहितीये का?" मुलगी म्हणाली. "त्यांच्या आडनावाचा अर्थ मोर आहे. हे पीस त्यांनीच दिलंय!"

दिरांची मूठ तशीच राहिली. मग त्यांनी तांदूळ सावकाश परत सुपात सोडले आणि उठून उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले.

तोच आवाज. मुलीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "काय झालं काका?"

"देवक एक आहे."

"सो व्हॉट? काका, प्लीज, यू कान्ट बी सिरियस."

मी गॅरेजच्या दारात उभी होते. पदर डोक्यावरून घसरला होता, सावरायचं सुचलं नाही. मी म्हणाले, "भाऊजी, ते मोर मारणारे आहेत."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मारणारे, आणि खाणारे. देवक असतं तर मारलं असतं का?"

"कोण म्हणतं?" ते गॅरेजच्या भिंतीला म्हणाले.

"मी विचारलंय त्यांना. आज सकाळी."

"पोरी, तू विचार."

मुलीनं विचारलं. व्याह्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. आपल्या हातून काही फार वाईट झालंय, असं त्यांना वाटलं असणार. ते घाईघाईनं हात हलवू लागले.

मुलगी म्हणाली, "ते म्हणतायत, नाही नाही, मी कधीच नाही खाल्ला. फार जुनी गोष्ट आहे. कदाचित आमच्या लोकांनी मारलेही नसतील. नुसते जपले असतील. आम्हाला फार प्रिय आहे तो पक्षी."

"जपले," दीर म्हणाले. "बघ."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. घरी निघायच्या आधी ते नेहमी असंच करतात. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि जावयाला काहीच कळत नव्हतं, तो नुसता तिचा हात धरून उभा होता.

मी मुलीचा दंड पकडला. "त्यांना सांग, आमच्यासाठी गोड बोलू नका. त्यांच्या घरानं मोर खाल्ला असेल तरच हे लग्न होतं. नसेल खाल्ला तर आपण भाऊबंद ठरतो. काका उठून जातील. हे नीट सांग त्यांना."

तिनं डोळे पुसले. मग तिनं सांगितलं. बरंच सांगितलं. व्याही कान देऊन ऐकत होते. एकदा त्यांनी दिरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी डोक्यावरची कॅप काढली, छातीवर हात ठेवला आणि शपथ घ्यावी तसं काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?"

मुलगी रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं. "म्हणतायत, सगळे खाल्ले. एकही ठेवला नाही."

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू होतं. दीर व्याह्यांकडे बघत राहिले. तेही सरळ त्यांच्याकडे बघत होते, कॅप छातीशी धरून. दीर काही भोळे नाहीत. बाजारात बैलाचे दात बघून मालकाचं खोटं ओळखणारा माणूस तो.

मग ते बोलले. भिंतीशी नाही, माझ्याशी.

"मांडव उतरवला तेव्हा त्या लोकांना हे कुणी विचारलं नाही."

"नाही," मी म्हटलं.

"मीही नाही."

"ते आपल्याकडचेच होते, भाऊजी. त्यांनी कुठला खाल्ला असणार?"

"नसेल. पण विचारलं नाही ना."

टॉवेल त्यांनी पुन्हा खांद्यावर टाकला. बसताना गुडघ्यावर हात टेकून, फार वेळ लावून बसले. मान खाली घालूनच मला म्हणाले, "व्याह्यांच्या हातात तांदूळ द्या."

मी दिले. व्याह्यांनी ते पसरट तळव्यावर घेतले. बरेचसे सांडले, जमिनीवर, त्यांच्या बुटांवर. दीर म्हणाले, "असू दे, असू दे."

लग्न नीट पार पडलं. कन्यादानाला काका पाटावर होते. जेवताना त्यांनी मुलीला विचारलं, "मोर खाल्ल्यावर त्यांना पचला का, विचार." व्याही म्हणाले, जड गेला. दोघंही हसले नाहीत.

लग्नानंतर मी नणंदेला फोन केला. तिकडे सकाळ होती, ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मध्ये ती हूं हूं करत होती. "सगळे खाल्ले" तिथे ती मोठ्यानं हसली. मग दीर काय म्हणाले ते मी सांगितलं.

"असं म्हणाला दादा? विचारलं नाही, असं?"

"हो. माझ्याकडं बघून म्हणाले."

पलीकडे दाणे एकदम ओतल्याचा आवाज आला, कोंबड्यांचा गलका झाला.

मग ती म्हणाली, "वहिनी, तो आला की माझ्याकडं जेवायला पाठव. मी वाढते."